भाऊसाहेब गणपुले यांच्या नातीची जन्मतारीख

भाऊसाहेब गणपुले यांनी बिस्किट उलटे करून पाहिल्याशिवाय तोंडात घातले, असे मी कधीही पाहिले नाही. दुधाच्या बूथवर टोकन टाकून पातेले भरले की ते बाजूला होत आणि पातेले उजेडात धरून दूध कुठपर्यंत आले ते पाहत. मागे उभे असलेले लोक ओरडत. भाऊसाहेबांना ते ऐकू येत नसे, किंवा ऐकू येत नाही असे ते दाखवीत. दिल्लीच्या मयूर विहारमधील त्यांच्या सोसायटीत लोक त्यांना पाठीमागे ‘सीबीआय’ म्हणत असत.

या संशयी स्वभावाला कारण होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. त्यांच्या विभागाकडे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी असत. निवृत्ती जवळ आली की चांगली चांगली माणसे त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहत आणि म्हणत, “साहेब, खरं म्हणजे मी दोन वर्षांनी लहान आहे. शाळेत घालताना मास्तरांनी चुकीचं लिहिलं.” कोणी आईला घेऊन येई, कोणी गावच्या सरपंचाला. भाऊसाहेबांनी त्यांच्यापैकी एकाचेही मानले नाही. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जून होती, आणि तीही कऱ्हाडजवळच्या गावातील मास्तरांनीच दिलेली होती. ते मला एकदा म्हणाले होते, “भीमाबाई, मी खरा दिवाळीतला. म्हणजे मला आणखी पाच महिने नोकरी करता आली असती. पण नोंदीत एक जून होतं, मी एक जूनप्रमाणे घरी बसलो.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. थोडा अभिमानच होता.

माझा त्यांच्याशी संबंध दोन कारणांनी आला. त्यांची सून स्वरूपा ही आम्हा वयस्क स्त्रियांना दुपारी लिहायला-वाचायला शिकवीत असे, आणि तो वर्ग त्यांच्याच घरी भरत असे. दुसरे कारण म्हणजे माझा नातू प्रसन्न. माझा मुलगा विठ्ठल सरकारी गाडीवर चालक होता आणि आम्ही जवळच्याच लहान फ्लॅटमध्ये राहत होतो. प्रसन्न आणि भाऊसाहेबांची नात, जिचे नाव पूर्वी, ही दोघे एकाच फुटबॉल क्लबमध्ये खेळत होती. हे मी आरंभीच सांगते, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या नातवाचा लाभ होता. वाचकांनी माझे म्हणणे त्या हिशोबाने तपासून घ्यावे.

त्या वर्षांत मयूर विहारमध्ये सतत काहीतरी नवीन उघडत होते. केबलच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेल्या होत्या आणि मुले रात्रंदिवस परदेशातील फुटबॉल पाहत होती. यमुनेच्या बाजूला एक मोकळे मैदान होते, तेथे हा क्लब सुरू झाला. बारा वर्षांखालील मुलांचा एक गट होता आणि मोठ्या मुलांचा दुसरा. लहान गटात मुली चालत. मोठ्या गटात चालत नसत. क्लबचे सचिव पद्माकर हे नोएडाच्या एका संगणक कंपनीत नोकरी करणारे पुण्याचे तरुण गृहस्थ होते. त्यांनी मुलांची वये तपासण्याचे काम भाऊसाहेबांवर सोपविले, कारण मोठी मुले लहान गटात घुसविण्याची खोड सगळ्याच पालकांना होती.

मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली त्यांचे टेबल असे आणि त्या शेजारच्या बाकावर मी. जन्माचा दाखला ते पाहत, पण मुलाला वय कधी विचारत नसत.

“दात दाखव. मागची दाढ. हं. धाकटी बहीण आहे?”

“हां अंकल.”

“कितने साल की?”

“दस की.”

“और तू उससे कितना बड़ा?”

“तीन साल,” मुलगा आनंदाने सांगत असे, आणि त्याचे वडील मागे उभे राहून कपाळावर हात मारीत असत.

आधीच्या वर्षी वीणा साळवी नावाच्या एक बाई गाझियाबादहून आपल्या मुलाला, राघवला, घेऊन आल्या होत्या. दाखल्याप्रमाणे राघव लहान गटात बसत नव्हता. बाई म्हणाल्या, “काका, हा दाखल्यापेक्षा लहान आहे हो. शाळेत प्रवेश मिळत नव्हता, वय कमी पडत होतं, म्हणून आम्ही काही महिने मोठा लिहिला. सगळेच लिहितात.”

भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, “म्हणजे तेव्हा खोटं बोललात. की आता बोलताय?”

आसपासचे पालक हसले. वीणाबाईंनी मुलाचा हात धरला आणि त्या गेल्या. राघव मोठ्या गटात खेळू लागला. तेथे तो सर्वांत बुटका होता.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. क्लबमध्ये वयाची सीमा पहिल्या ऑगस्टची होती. क्लब ऑगस्टमध्ये सुरू झाला, म्हणून ऑगस्ट, याहून अधिक कारण त्याला नव्हते. त्या वर्षी थंडीच्या आरंभी पद्माकर यांनी सांगितले की एक परदेशी शीतपेयाची कंपनी नोएडात मुलांची स्पर्धा भरविणार आहे, सर्वांना गणवेश देणार आहे, आणि तिच्या नियमाप्रमाणे यापुढे सीमा पहिल्या जानेवारीची राहील; त्या तारखेच्या आधी बारा पूर्ण झाली तर मूल लहान गटातून बाहेर. याचा अर्थ असा की आतापर्यंत लहान गटात बसणारी, ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेली मुले आता एक वर्ष आधीच मोठ्या गटात ढकलली जाणार होती.

मैदानावर एकच गोंधळ झाला. प्रत्येकाला वाटले की हे कोणासाठी तरी केलेले आहे.

भाऊसाहेबांनी विचारले, “पद्माकर, त्या कंपनीच्या मॅनेजरचा मुलगा खेळतो ना आपल्याकडे?”

“खेळतो. पण काका, त्याचा काय संबंध? आता सगळीकडे कॅलेंडर इयरच चालतं. इंटरनॅशनल आहे.”

“मुलगा कोणत्या महिन्यातला?”

“काका, यार, तुम्ही पण...”

“महिना विचारला मी.”

पद्माकर यांनी बुटाने माती उकरली. “फेब्रुवारी.”

“अच्छा,” भाऊसाहेब म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवली. नवीन सीमेत फेब्रुवारीचा मुलगा गटातील जवळजवळ सर्वांत मोठा ठरणार होता.

नियम कशासाठी केला याचा संशय अवश्य घ्यावा, पण एकदा केला की तो पाळावा, असे त्यांचे मत होते. त्यांनी टेबलावर बसून नवीन सीमेप्रमाणे मुले वेगळी करण्यास सुरुवात केली. त्यांच्या नातीची, पूर्वीची, जन्मतारीख एकतीस डिसेंबर होती. ती एका दिवसाने बाहेर गेली.

पूर्वीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती बुटाची जास्तीची लेस केसांना बांधीत असे. चेंडू तिच्या डाव्या पायाजवळ आला की दोन-दोन मुलगे तिच्यावर धावून जात आणि तरी चेंडू तिच्याकडेच राहत असे. मोठ्या गटात मुलींना जागा नव्हती. “बड़े लड़के हैं, लागलं-बिगलं तर जबाबदारी कोण घेणार?” असे पद्माकर म्हणत. आसपास मुलींचा दुसरा क्लब नव्हता. म्हणून ही सीमा तिच्यासाठी एका स्पर्धेची नव्हती. तिचे खेळणेच संपणार होते. ते तिलाही ठाऊक होते आणि तिच्या आजोबांनाही.

डिसेंबरच्या मध्यास स्वरूपाची आई, चंद्रप्रभाबाई, साताऱ्याहून आल्या. जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंब येथील युद्धस्मारकाला जाणार होती, तिच्यात त्यांना जागा हवी होती. एके दुपारी आम्ही बाल्कनीत उन्हात बसून मटार सोलत होतो. माझा धडा झाला होता. भाऊसाहेब आत वर्तमानपत्र वाचत होते. स्वरूपाने आईला सांगितले की पूर्वी एका दिवसासाठी संघाबाहेर राहिली.

चंद्रप्रभाबाईंचे हात चालूच होते. त्या म्हणाल्या, “एकतीसची कुठे गं ती? म्हणजे एकतीसचीच, पण आपल्या हिशोबाने. इंग्रजी हिशोबाने पहिल्या जानेवारीचीच की. बारा कधीच वाजून गेले होते.”

“आई, तूच तर नेहमी म्हणतेस एकतीसच्या रात्री झाली म्हणून.”

“रात्र एकतीसचीच ना? उजाडलं नव्हतं. नगरपालिकेत जाताना तुझे बाबा म्हणाले, सूर्य उगवेपर्यंत कालचाच वार. पंचांगात तसंच असतं. त्यांनी एकतीस सांगितली. तेव्हा कुठे माहीत होतं, पोरगी फुटबॉल खेळणार आहे!”

आत वर्तमानपत्राचा आवाज थांबला. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून भाऊसाहेब आणि त्यांचा मुलगा सुधन्वा तेव्हा दिल्लीतच होते. त्यांना केवळ तार आली होती. भाऊसाहेब चष्मा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

“विहीणबाई, बाहेर उजाडलं नव्हतं, हे तुम्हाला आत बसून कसं कळलं?”

“आत कोण घेतंय? मी अंगणात होते.”

“थंडी होती?”

“साताऱ्याला डिसेंबरात थंडी असतेच. हे काय विचारणं झालं?”

“डिसेंबरात म्हणालात.”

“बरं, जानेवारीत!” चंद्रप्रभाबाईंनी मटाराची शेंग ताटात आपटली. स्वरूपा हसू लागली. भाऊसाहेब हसले नाहीत.

“बारा वाजून गेले होते हे कशावरून?”

“नर्सा समोरच्या घरी टीव्हीवर नवीन वर्षाचा कार्यक्रम बघायला गेल्या होत्या. तो संपल्यावर परत आल्या आणि मला हसत हसत हॅपी न्यू इयर म्हणाल्या. मी म्हटलं, माझी पोर आत विव्हळतेय, कसलं हॅपी घेऊन बसलात! त्यानंतर कितीतरी वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं.”

“एखाद्या नर्सचं नाव?”

“शेवंता.”

“आडनाव?”

“तिथे काय लग्न जमवायला बसले होते मी?”

भाऊसाहेब परत आत गेले. वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज मात्र पुन्हा आला नाही.

माझ्या मनात काय आले ते मी लपविणार नाही. मला विहीणबाईंवर संशय आला. नातीचे नुकसान ऐकल्यावर आजीला अशी आठवण होणे फारच सोयीचे होते. शिवाय पूर्वी बाहेर राहिली तर संघात तिच्या जागी प्रसन्न येणार होता, त्यामुळे संशय घेणे मलाही सोयीचे होते.

भाऊसाहेबांनी पुढे अनेक दिवस चौकशी चालविली. चंद्रप्रभाबाई माझ्याकडे तक्रार करीत, “अहो, पोळी वाढतानाही विचारतात, अंगणात झाड कोणतं होतं. शेवटी मी म्हटलं, चिंच होती आणि तिच्यावर भूत होतं, त्यालाच विचारा.” पण प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होते. आणि जे आठवत नव्हते ते आठवत नाही असेच त्या सांगत होत्या. खोटे बोलणाऱ्या माणसाला सगळे आठवते, हे भाऊसाहेब जाणत होते.

सुधन्वा म्हणाला, “बाबा, अॅफिडेव्हिट करून टाकू. कोर्टाच्या बाहेर दहा मिनिटांत होतं.”

“दहा मिनिटांत होतं, म्हणूनच मी जन्मभर एकही मानलं नाही.”

“पण हे खरं आहे!”

“ते सगळेच म्हणत.”

ही गोष्ट घरातून बाहेर कशी गेली ते मला ठाऊक नाही. माझ्याकडून गेलेली नाही. दोन दिवसांत भाजीच्या गाड्यावर एक गृहस्थ भाऊसाहेबांना हसत म्हणाले, “सुना है गणपुलेजी, आपकी पोती एक दिन छोटी हो गई?” भाऊसाहेबांनी टोमॅटो उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी संघ नक्की करायचा होता. धुके इतके होते की मैदानाचा पलीकडचा गोल दिसत नव्हता. तरीही पालक झाडून सगळे आले होते. संशयाने माणसे थंडीत बाहेर पडतात. वीणाबाईही आल्या होत्या आणि शाल घट्ट ओढून मागे उभ्या होत्या. पूर्वी गणवेश घालूनच आली होती.

पद्माकर टेबलाजवळ वाकून हळूच म्हणाले, “काका, आपल्या घरचीच मुलगी आहे. मी कंपनीशी बोलतो. कोणी काही म्हणणार नाही.”

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की पद्माकर सरळ उभे राहिले. मग भाऊसाहेब स्वतःच उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी साताऱ्याची ती रात्र सांगितली. अंगण, नर्सा, टीव्ही, सूर्योदय, नगरपालिका, काहीही वगळले नाही. समोर कोणी हसत होते, कोणी एकमेकांना कोपराने ढोसत होते.

बोलणे संपले तेव्हा मागून वीणाबाई म्हणाल्या, “काका, म्हणजे तेव्हा खोटं बोललात. की आता बोलताय?”

यावेळी कोणी हसले नाही.

“तुमचा प्रश्न बरोबर आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “या टेबलावरून तो मीच विचारत आलो आहे. पूर्वी या गटात बसत नाही.”

पूर्वी पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “आजोबा, आजी खोटं बोलते का?”

“नाही.”

“म्हणजे मी पहिलीचीच आहे?”

“पहिलीचीच आहेस.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला माहीत आहे.”

“मग तुम्ही असं का करता?” ती ओरडली. केसांची लेस ओढून काढून तिने जमिनीवर फेकली आणि ती धुक्यात घराकडे निघून गेली. स्वरूपा तिच्यामागे धावली.

भाऊसाहेबांनी ती लेस उचलली आणि खिशात ठेवली. मग पद्माकरांना म्हणाले, “आता तुम्ही दुसरा माणूस बघा.”

“काका, आता काय झालं? तुम्ही तर बिल्कुल नियमाप्रमाणेच केलंत.”

“दाखल्याच्या विरुद्ध एका बाईचं तोंडी बोलणं मी खरं मानलं आहे. असं मानणाऱ्याने इथे बसू नये.” त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि ते माझ्या बाकावर येऊन बसले. नंतर म्हणाले, “भीमाबाई, तुम्हालाही ते खोटं वाटतं ना?”

मी म्हणाले, “मला निश्चित सांगता येत नाही.”

“बरोबर आहे. तुम्ही तिथे नव्हता.”

“तुम्ही तरी कुठे होता, भाऊसाहेब?”

“तेच तर,” ते म्हणाले.

स्पर्धेत पूर्वी खेळली नाही. त्यानंतरही ती क्लबमध्ये खेळली नाही. तिच्या जागी प्रसन्न खेळला आणि पहिल्याच सामन्यात संघ हरला, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ती काही दिवस आजोबांशी बोलत नव्हती.

त्यांच्या घरी पूर्वीचा वाढदिवस दर वर्षी एकतीस डिसेंबरला होत असे. त्या वर्षी एकतीस तारखेला भाऊसाहेबांनी घरात सांगितले की आज काही करायचे नाही. पूर्वीला वाटले की हेही तिच्याकडून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात जाऊन पेढे घेऊन आले. पहिला पेढा तिच्या हातावर ठेवून म्हणाले, “आज तू बारा वर्षांची झालीस.” तिने पेढा खाल्ला. बोलली मात्र नाही. मग त्यांनी तिला कोट घालायला सांगितले, वाटेत मलाही बोलावले, आणि आम्ही बसने गाझियाबादला वीणा साळवी यांच्या घरी गेलो. मला का नेले ते त्यांनी सांगितले नाही. साक्षीदार म्हणून नेले असावे, असा माझा अंदाज आहे.

वीणाबाईंनी दार अर्धेच उघडले. “काय काम आहे?”

“पेढे आणले आहेत. आज हिचा वाढदिवस.”

वीणाबाईंनी पेढ्यांच्या डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. “क्लबचं काही असेल तर मी सही करणार नाही.”

“क्लबशी माझा संबंध उरलेला नाही.”

“पण वाढदिवस काल होता ना? दाखल्यावर?”

“दाखल्यावर काल होता.”

दार तसेच अर्धे उघडे राहिले. आतून राघव डोकावला. पूर्वीला पाहून त्याने विचारले, “तू आता कुठे खेळतेस?” पूर्वी म्हणाली, “कुठेच नाही.” तो म्हणाला, “खाली पार्किंगमध्ये बॉल आहे.” ती दोघे जिना उतरून गेली, आणि खालून चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येऊ लागला.

भाऊसाहेब म्हणाले, “गेल्या वर्षी तुम्ही मला काहीतरी सांगत होता. मी ऐकून घेतलं नव्हतं. राघव खरा केव्हाचा?”

वीणाबाईंनी एक पेढा उचलला. त्यांनी तो उलटा करून पाहिला की नाही, हे मला आता नीट आठवत नाही, पण मला तसे वाटते. “मार्चमधला,” त्या म्हणाल्या. “शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. धुळवड होती. दवाखान्यात डॉक्टर आले तेच गुलाबी तोंडाने.”

“दवाखान्यात गुलाल?” भाऊसाहेबांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल तेथे नव्हती. “डॉक्टरांनी हात धुतले होते?”

“आत या,” वीणाबाई दार उघडीत म्हणाल्या. “उभ्याने किती विचारणार आहात?”

पुढे मार्च महिन्यात धुळवडीच्या दिवशी मी भाऊसाहेबांना गाझियाबादच्या बसच्या थांब्यावर पाहिले. त्यांच्या सदऱ्यावर कोणीतरी रंग टाकलेला होता आणि हातात मिठाईचा डबा होता. शेजारी पूर्वी केसांना लेस बांधून उभी होती. मी विचारले, “कुठे निघालात?”

“तुम्हाला कशाला हवं आहे?” भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.